तीन टनांची ताकद, अर्ध्या टनाचं काम



तीन टन माल उचलणाऱ्या डिझेल फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजन सव्वाचार ते साडेचार टन भरतं. ते तेवढं असावंच लागतं. पुढच्या काट्यांवर तीन टन घेतल्यावर यंत्र तोंडावर कलंडू नये म्हणून मागे ओतीव लोखंडाचं काउंटरवेट बसवलेलं असतं. पण भिवंडीच्या, चाकणच्या किंवा उरण-पनवेलच्या गोदामात ही फोर्कलिफ्ट दिवसभर उचलते काय? बिस्किटं, साबण, औषधं, कपडे, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचे खोके. अशा पॅलेटचं वजन पुष्कळदा चारशे-पाचशे किलोंच्या पुढे जात नाही. म्हणजे अर्धा टन माल ८० मीटर न्यायचा तर साडेचार टन लोखंडही ८० मीटर जातं, आणि परत येताना तर नुसतं लोखंडच फिरतं.

गोदामातली फोर्कलिफ्ट कमी ऊर्जेत कशी चालवावी आणि तिचा धूर कसा कमी करावा, हा आजचा विषय. त्यावर बोलणं निघालं की गोदामचालक एकच प्रश्न विचारतात: डिझेलची काढून बॅटरीची घ्यावी का? प्रश्न रास्त आहे आणि बहुतेक ठिकाणी त्याचं उत्तर 'हो' असंच येतं. फक्त त्याच्याआधी दोन प्रश्न सोडवायला हवेत. जे काम होतं त्याला एवढं मोठं यंत्र लागतं का? आणि आहे ते यंत्र दिवसातले किती तास काम न करता नुसतं सुरू राहतं? हे दोन प्रश्न टाळून नवी गाडी घेतली, तर जुनी उधळपट्टी नव्या यंत्रावर चालू राहते.

आधी उचलण्याचा हिशेब पाहू. एक टन माल सहा मीटर उंचावर, उंच रॅकच्या वरच्या खणात, ठेवायला भौतिकशास्त्राच्या नियमाने लागतात सुमारे १६ वॅट-तास. घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा पावणेदोन तासांत तेवढी वीज खातो. प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट लागते, कारण मालाबरोबर मास्ट, साखळ्या आणि काटेही वर जातात, पंपात आणि नळ्यांत तेल तापतं. माल खाली उतरताना बहुतेक यंत्रांत ती सगळी ऊर्जा तेलाच्या उष्णतेत विरून जाते. तरीही मूळ गरज लहानच आहे. अर्धा टन माल सहा मीटर वर चढवायला मुळात जेवढी ऊर्जा पुरते, तिच्या साधारण चार-पाच पट ऊर्जा ८० मीटर जाऊन परत येताना नुसत्या चाकांच्या घर्षणात संपते. त्यावर दर वळणाला ब्रेक आणि पुन्हा वेग. वेग दुप्पट केला की त्यामागची ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक मारल्यावर डिझेल यंत्रात ती सगळी वाया जाते. थोडक्यात, डिझेल असो, गॅस असो की बॅटरी, खर्चाचा मोठा वाटा यंत्राचं स्वतःचं ओझं हलवण्यात जातो.

आता धक्क्यावरचं रोजचं दृश्य. सकाळी अकराची वेळ. ट्रक लागलाय, मागचा फाळका उघडलाय, पण बिल्टी आणि ई-वे बिल यांचा मेळ बसत नाही म्हणून सुपरवायझर फोनवर आहे. ऑपरेटर खाली उतरून उभा आहे. फोर्कलिफ्टचं इंजिन सुरूच. बोनेटचा पत्रा थरथरतोय, सायलेन्सरच्या तोंडाशी काळपट काजळी साचलीय आणि तिच्यापासून चार-पाच पावलांवर माथाडी कामगार खोके मोजतायत. इंजिन बंद का करत नाही, असं ऑपरेटरला विचारलं तर उत्तर येतं, "बंद केली की पुन्हा लवकर लागत नाही, साहेब." आणि हे उत्तर बऱ्याचदा खरं असतं. सेल्फ थकलेला असतो, स्टार्टिंगची बॅटरी उतरलेली असते. एक छोटी दुरुस्ती महिनोन् महिने पुढे ढकलली जाते आणि तिची किंमत रोज डिझेलमध्ये भरली जाते. यात ऑपरेटरला दोष देऊन काही साधत नाही. सेल्फ दुरुस्त करून देणं हे गोदामचालकाचं काम आहे.

नुसत्या उभ्या फोर्कलिफ्टचं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल पितं. समजा एका गोदामात पाच फोर्कलिफ्ट आहेत, प्रत्येक रोज दोन तास अशी उभी राहते आणि वर्षाचे कामाचे दिवस ३००. तासाला पाऊण लिटरहून थोडं जास्त, म्हणजे ०.८ लिटर धरलं, तर वर्षाला २,४०० लिटर होतात. डिझेलचा भाव लिटरला ९० रुपये धरला तर दोन लाख सोळा हजार रुपये. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने हे सहा टनांच्या वर गेलं, आणि बदल्यात एकही खोका जागचा हलला नाही. नवीन यंत्र न घेता, कुठलाही परवाना न काढता, उद्या सकाळपासून ही बचत सुरू करता येते. तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर चावी बंद, एवढा एक नियम पुरतो. मात्र तो नियम लावण्याआधी सेल्फ, बॅटरी आणि ग्लो प्लग तपासून द्यायला हवेत.

हे सगळं दिसण्यासाठी मोजणी लागते, आणि मोजणीचं साधन प्रत्येक फोर्कलिफ्टवर आधीपासून बसवलेलं असतं: अवर मीटर. एक वही करावी. रोज सकाळी अवर मीटरचा आकडा, त्या दिवशी भरलेलं डिझेल किंवा चार्जरला लागलेले युनिट, आणि दिवसभरात हललेली पॅलेट, एवढे तीन रकाने. 'तासाला किती लिटर' हा आकडा फसवा असतो. इंजिन नुसतं सुरू ठेवलं की तो आपोआप छान दिसायला लागतो. 'दर शंभर पॅलेटला किती लिटर' हा आकडा खरं सांगतो. एकाच कामावरच्या दोन सारख्या फोर्कलिफ्टमध्ये हा आकडा खूप वेगळा आला, तर एकीच्या टायरमध्ये, एअर फिल्टरमध्ये, ब्रेकमध्ये किंवा चालवण्याच्या पद्धतीत काहीतरी बिघडलंय, हे तीन आठवड्यांत कळतं.

एअर फिल्टरबद्दल थोडं. सिमेंट, पीठ, कापूस, खोक्यांचा भुसा अशा धुळीत काम करणाऱ्या इंजिनाचा फिल्टर, माहितीपुस्तकात दिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी तुंबतो. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर येतो. ओझं घेताच काळा धूर सोडणारी फोर्कलिफ्ट डिझेल फुकट घालवत असते, हे गोदामातल्या कुणालाही डोळ्यांनी ओळखता येतं. हवेच्या टायरमध्ये दाब कमी असला की चाकांचं घर्षण वाढतं. लादी फुटलेली असली, सांध्यांवर खड्डे पडले असले, की ऑपरेटर दर वेळी ब्रेक मारतो आणि पुन्हा वेग घेतो. दुरुस्त केलेल्या वीस मीटर लादीचा परिणाम डिझेलच्या वहीत दिसतो.

यंत्राच्या मापाचा मुद्दा मात्र याहून मोठा आहे. धक्क्यापासून रॅकपर्यंत जमिनीवरून माल न्यायला बॅटरीवर चालणारा पॅलेट ट्रक पुरतो. गोदामात सगळे त्याला बीओपीटी म्हणतात. तो माल जमिनीपासून वीतभर उचलतो आणि सरळ घेऊन जातो. त्याचं स्वतःचं वजन प्रकारानुसार दोनशे ते पाचशे किलोंच्या घरात असतं, साडेचार टनांच्या फोर्कलिफ्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. उंच रॅकवर ठेवायला रीच ट्रक ठेवावा, तो रॅकच्या गल्लीतच राहावा आणि जमिनीवरची सगळी ने-आण बीओपीटीने करावी. ज्या गोदामात चार मोठ्या फोर्कलिफ्ट सगळीकडे धावतात, तिथं पुष्कळदा एक फोर्कलिफ्ट, एक रीच ट्रक आणि तीन बीओपीटी तेच काम निभावतात. फोर्कलिफ्ट मग खऱ्या जड कामाला उरते: कागदाचे रोल, पोलादाची कॉइल, यंत्रांच्या पेट्या.

मालाची मांडणी हाही ऊर्जेचाच प्रश्न आहे. सर्वांत जास्त फिरणारा माल धक्क्याजवळ आणि खालच्या खणांत, वर्षातून दोनदा निघणारा माल आत आणि वर, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. अडचण अशी की मांडणी एकदा होते आणि मग बदलत नाही. पावसाळ्यातल्या छत्र्या दिवाळीतही धक्क्याला लागून राहतात आणि दिवाळीचा माल मागच्या भिंतीपासून रोज शंभर मीटर धावत येतो. दर तीन महिन्यांनी एक रविवार मांडणीसाठी काढला, तर पुढचे तीन महिने दर फेरीत तीस-चाळीस मीटर वाचतात. तसंच रिकाम्या फेऱ्यांचं. आत माल ठेवायला गेलेल्या यंत्राने परत येताना बाहेर जाणारा माल आणावा, अशी कामं जोडून दिली की एक फेरी वाचते. मोठ्या गोदामांत हे संगणक ठरवतो. लहान गोदामात सकाळी सुपरवायझरने दहा मिनिटं कागदावर आखून दिलं तरी पुरतं.

आता धुराबद्दल, आणि इथं हिशेबाच्या आधी माणसं येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. रस्त्यावर हा धूर वाऱ्याने पांगतो. पत्र्याच्या बंद शेडमध्ये, आणि त्याहून वाईट म्हणजे चाळीस फुटी कंटेनरच्या पोटात, तो पांगत नाही. कंटेनर रिकामा करताना फोर्कलिफ्ट आत जाते, धूर आतच राहतो आणि माल लावणारा माथाडी कामगार त्याच हवेत श्वास घेतो. गॅसवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टचा धूर डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती निर्धोक समजली जाते. हा समज घातक आहे. इंजिनाचं ट्यूनिंग बिघडलं की तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. बंद गोदामात गॅसची फोर्कलिफ्ट चालवायचीच असेल तर हवा खेळती हवी आणि भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर हवा. कामगाराचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं तर चहा देऊन बसवू नये. त्याला लगेच मोकळ्या हवेत आणावं आणि डॉक्टरांकडे न्यावं.

इंजिनाच्या धुराची आणखी एक झळ महाराष्ट्रातल्या फळ-व्यापाऱ्यांना जवळून कळेल. त्या धुरात इथिलीन असतो, आणि केळी पिकवायला वापरतात तो वायू हाच. हिरवी केळी निर्यातीसाठी थंड करून ठेवलेल्या पॅकहाउसमध्ये इंजिनाची फोर्कलिफ्ट चालवली, तर माल जहाजावर चढण्याआधीच पिकायला लागण्याचा धोका असतो. जळगावकडच्या केळीच्या पॅकहाउसला बॅटरीचं यंत्र या एकाच कारणासाठीसुद्धा परवडतं.

तर बॅटरी. ही काही कालपरवाची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया रेल्वेने १९०६ मध्ये अल्टूना स्थानकावर प्रवाशांचं सामान वाहायला बॅटरीच्या गाड्या आणल्या होत्या. आज मुंबईची गोदरेज आणि पुण्यात कारखाना असलेली कियॉन अशा उत्पादकांच्या बॅटरी फोर्कलिफ्ट आपल्याकडे मिळतात, त्यामुळे सुटे भाग आणि दुरुस्ती दूर नाही.

पण बॅटरी म्हणजे प्रदूषण शून्य, असं सांगणाऱ्या जाहिरातीवर विसंबू नये. तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट मध्यम कामाला तासाला सुमारे तीन लिटर पिते, म्हणजे आठ किलो कार्बन डायऑक्साइड. तेच काम बॅटरीच्या फोर्कलिफ्टला साधारण सात युनिटमध्ये जमतं. हे सात युनिट बॅटरीतून निघालेले. मीटरवर मोजले तर आकडा बदलतो. जुना ट्रान्सफॉर्मरचा चार्जर आणि लेड-ॲसिड बॅटरी असेल, तर वाटेत तीस टक्क्यांच्या आसपास वीज उष्णतेत जाते आणि मीटर दहा युनिट दाखवतो. चांगला चार्जर आणि लिथियम बॅटरी असेल तर तेच काम आठ युनिटमध्ये होतं. देशातल्या विजेचा मोठा हिस्सा अजून कोळशावर तयार होतो, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड येतो. म्हणजे डिझेलचे आठ किलो, जुन्या चार्जरवरच्या लेड-ॲसिडचे सात, आणि लिथियमचे साडेपाच-पावणेसहा. डिझेल शुद्ध करायला आणि पंपापर्यंत आणायला जो धूर होतो तो यात धरलेला नाही, तरीही सात आणि आठ यांतला फरक लहान आहे हे मान्य करायला हवं. गोदामातल्या माणसांच्या फुप्फुसांसाठी बॅटरी पहिल्या दिवसापासून चांगली. हवामानासाठी ती किती चांगली, हे चार्जर आणि विजेचा उगम ठरवतात. पैशाचा हिशेब मात्र अगदी स्पष्ट आहे. युनिटला दहा रुपये धरले तरी तासाला ऐंशी ते शंभर रुपये, आणि डिझेलचे २७०.

यातून निघणारा सल्ला असा: ज्यांच्याकडे बॅटरीच्या फोर्कलिफ्ट आधीच आहेत त्यांनी आधी चार्जर बदलावा. हाय फ्रिक्वेन्सी चार्जर जुन्याच्या मानाने बरीच वीज वाचवतो आणि भरलेल्या बॅटरीला रात्रभर शिजवत ठेवत नाही.

लेड-ॲसिड बॅटरीची निगा हा विषय गोदामात फार दुर्लक्षिला जातो आणि म्हणून इथं थोडं थांबायला हवं. मोठ्या फोर्कलिफ्टची ही बॅटरी टनाच्या आसपास भरते आणि तिची दिनचर्या ठरलेली असते: आठ तास काम, आठ तास चार्जिंग, आठ तास थंड होणं. वीस टक्के उरल्यावर काम थांबवायचं. त्याखाली ओढली की आतल्या शिशाच्या पट्ट्या खराब होतात. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालावं. आधी घातलं तर चार्जिंग होताना आतलं द्रावण फुगून वर येतं, ॲसिड झाकणांवर सांडतं, आणि त्या ओलसर थरातून वीज हळूहळू गळत राहते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर अपवाद म्हणून त्या झाकतील एवढंच पाणी आधी द्यावं. नळाचं पाणी कधीच नको. चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्यामुळे चार्जिंगची खोली हवेशीर हवी, वर साचलेला वायू निघून जायला छताशी वाट हवी, आणि तिथं बिडी-काडी अजिबात नको. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीचं तापमान चाळीसच्या वर जातं. बॅटरीचं तापमान कायम पंचवीस अंशांपेक्षा दहा अंशांनी जास्त राहिलं, तर तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. चार्जिंगची खोली पश्चिमेच्या भिंतीला असेल तर ती हलवणं हा खर्च नसून बॅटरीची किंमत वाचवणं आहे.

लिथियम बॅटरी, विशेषतः लिथियम आयर्न फॉस्फेटची, या कटकटी बऱ्याच कमी करते. पाणी नाही, ॲसिड नाही, तास-दीड तासात भरते. लेड-ॲसिड साधारण दीड हजार वेळा भरता-उतरवता येते, लिथियम तीन हजारांच्या वर. किंमत मात्र सुरुवातीला बरीच जास्त. एका शिफ्टमध्ये चार तास चालणाऱ्या फोर्कलिफ्टला लेड-ॲसिड पुरते. दोन-तीन शिफ्ट चालणाऱ्या गोदामाने लिथियमच घ्यावी, कारण तिथं एका यंत्रामागे दोन जड बॅटऱ्या आणि त्या बदलण्याची क्रेन वाचते.

लिथियमचा आणखी एक फायदा वीजबिलात दिसतो. महावितरणच्या औद्योगिक ग्राहकांना वर्षानुवर्षं रात्रीच्या विजेवर सवलत होती, म्हणून चार्जिंग रात्री करायची सवय लागली. आता चित्र पालटलंय. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल केला. १० किलोवॅटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर लावायचे, सौर तासांत दर किमान वीस टक्के कमी आणि सर्वाधिक मागणीच्या तासांत किमान वीस टक्के जास्त ठेवायचा, असं त्यात आहे. महाराष्ट्रात स्वस्त वीज आता सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत आहे, आणि संध्याकाळी पाचनंतर ती महाग होते. नेमकी सहाला शिफ्ट सुटते आणि सगळ्या फोर्कलिफ्टचे प्लग एकदम लागतात. सर्वांत महाग वीज, शिवाय एकदम चढलेल्या मागणीमुळे डिमांड चार्जही वाढतो. लेड-ॲसिडवाल्यांनी निदान टायमर लावून चार्जर मध्यरात्रीनंतर, एकामागून एक सुरू करावेत. लिथियमवाल्यांनी चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीत, दिवसाउजेडी भरून घ्यावं. लेड-ॲसिडला असं मधूनमधून भरणं मानवत नाही, लिथियमला चालतं.

दिवसा चार्जिंग होऊ लागलं की गोदामाचं छप्पर कामाला येतं. महाराष्ट्रात एक किलोवॅटचं सौर पॅनेल वर्षभराच्या सरासरीने रोज चार युनिटच्या आसपास वीज देतं. दिवसाला सहा तास खरं काम करणाऱ्या लिथियम फोर्कलिफ्टला सुमारे ४८ युनिट लागतात, म्हणजे १२ किलोवॅटचं पॅनेल, म्हणजे साधारण १,३०० चौरस फूट छप्पर. भिवंडीत पन्नास हजार चौरस फुटांची शेड ही काही मोठी गोष्ट मानली जात नाही. तिच्या छपराच्या एका कोपऱ्यात चार-पाच फोर्कलिफ्टची वीज तयार होऊ शकते, आणि मग आधीच्या हिशेबातले साडेपाच किलो जवळपास नाहीसे होतात. जुन्या शेडच्या कैच्या आणि पत्रा हे वजन आणि पावसाळ्यातला वारा पेलतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी तपासून घ्यावं.

शीतगृहाची गोष्ट वेगळी. उणे वीस अंशांत बॅटरीची ताकद बरीच घटते. कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या बाल्झॅक इथं वॉलमार्टने २०१० मध्ये सुरू केलेल्या थंड मालाच्या गोदामात हायड्रोजन फ्युएल सेलची यंत्रं आणली; बीएमडब्ल्यूने अमेरिकेतल्या स्पार्टनबर्गच्या कारखान्यात त्याच वर्षी हा मार्ग धरला. हायड्रोजन काही मिनिटांत भरता येतो. आपल्याकडे मात्र आवारात हायड्रोजन आणणं, साठवणं आणि त्याची सुरक्षा सांभाळणं हा खर्च मध्यम शीतगृहाला आज झेपणारा नाही. त्यांनी हीटर बसवलेली लिथियम बॅटरी घ्यावी आणि यंत्र चार्जिंगसाठी थंड खोलीच्या बाहेर आणावं. परदेशात शीतगृहांबाहेरही नियम बदलतायत. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने तर जून २०२४ मध्ये पेट्रोल-गॅसवरच्या फोर्कलिफ्ट टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम मंजूर केला. आपल्याकडून निर्यात होणाऱ्या मालाचे परदेशी खरेदीदार गोदामातल्या धुराचा हिशेब मागू लागले आहेत, म्हणून अवर मीटरची ती वही त्या कामालाही येईल.

खरेदीच्या वेळी लक्षात ठेवण्याच्या दोन गोष्टी. जुन्या यंत्रात लेड-ॲसिड काढून लिथियम बसवून देणारे पुष्कळ भेटतात. लिथियम हलकी असते, आणि जड बॅटरी हा त्या फोर्कलिफ्टच्या तोलाचा भाग असतो. यंत्रावरच्या पाटीवर बॅटरीचं किमान वजन लिहिलेलं असतं. तेवढं वजन लोखंड घालून भरून काढलं नाही तर ओझं घेतल्यावर यंत्र पुढे उलटू शकतं. उत्पादकाची लेखी संमती घेतल्याशिवाय हा बदल करू नये. दुसरी गोष्ट भाड्याच्या यंत्रांची. भाड्याच्या फोर्कलिफ्टमध्ये यंत्र निवडतो मालक आणि डिझेल भरतो गोदामवाला, त्यामुळे कमी पिणारं यंत्र देण्यात मालकाला काही रस नसतो. करार करतानाच दर शंभर पॅलेटमागे किती डिझेल लागेल हे लिहून घ्यावं, आणि बॅटरीच्या यंत्राचं भाडं विचारावं. महिन्याच्या भाड्याच्या शेजारी महिन्याचं इंधन मांडलं की पुष्कळदा महाग वाटणारं यंत्र स्वस्त निघतं.

आणि जुनी बॅटरी भंगारात देताना. रोख पैसे जास्त देणारा भंगारवाला ॲसिड नाल्यात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवतो. त्याचा धूर आजूबाजूच्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात उतरतो, आणि शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. ऑगस्ट २०२२ पासून देशात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत आणि जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर होईल हे पाहण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. नवी बॅटरी घेतानाच जुनी परत करण्याची अट ऑर्डरमध्ये घालावी. दुसरीकडे द्यायची असेल तर नोंदणी असलेल्या पुनर्वापर कारखान्यालाच द्यावी आणि बॅटरीच्या क्रमांकासह त्याची पावती फाइलला लावून ठेवावी.